लाकूड पाण्यानं मरत नाही

आपल्या मंडळात गाड्यांबद्दल बोलणारे पुष्कळ, घराच्या छपराबद्दल बोलणारे त्याहून अधिक. बोटीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तरीही इथे मिशिगनमध्ये आपल्यापैकी काही घरांमागे ताडपत्रीखाली एक जुनी फायबरग्लासची बोट उभी असते. मुलं लहान असताना हौसेनं घेतलेली, मुलं कॉलेजला गेल्यावर ट्रेलरवर चढलेली, आणि मग "पुढच्या उन्हाळ्यात बघू" असं म्हणत राहून गेलेली. तुमच्याकडे तशी असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नसेल तरी वाचा, कारण यातलं बरंचसं घरालाही लागू पडतं.

आधी माझी चूक सांगतो. आमची बोट अठरा फुटी, १९८७ सालची, मागे आउटबोर्ड इंजिन. काही वर्षांपूर्वी चालकाच्या खुर्चीजवळची जमीन मऊ लागायला लागली. पाय ठेवला की शिऱ्यावर ठेवल्यासारखं वाटायचं. मी काय करावं? वरून नवीन प्लायवुड टाकलं, स्क्रूनं आवळलं, त्यावर कार्पेट चिकटवलं. दोन तासांत काम झालं आणि बोट नव्यासारखी दिसायला लागली. इमारतींचे खांब आणि तुळया भार कसा पेलतात, हे मी विद्यापीठात आयुष्यभर शिकवलं. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मुलगी, जावई आणि दोन्ही नातवंडं बोटीत होती. समोरून एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेवर आमची बोट आपटली आणि पायाखालून सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. खुर्ची तळासकट कलली. मागे पाहिलं तर इंजिन ज्या उभ्या फळीवर टांगलेलं असतं ती फळी, म्हणजे ट्रान्सम, इंजिनाबरोबर पुढेमागे हलत होती. आम्ही अगदी हळू किनाऱ्याला आलो. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती, किनारा जवळ होता, कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर पंधरा वर्षांच्या नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला माहीत होतं?" मला माहीत होतं. मी तिला तसं सांगितलं. पुढचं सगळं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते त्या उत्तरामुळे.

आता मुळाशी जाऊ. फायबरग्लास सडत नाही, मग बोट सडते कशी?

फायबरग्लास म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन. या गोष्टीचं माहेर आपल्या शेजारीच, ओहायोतल्या टोलिडोला आहे. ओवेन्स-कॉर्निंग कंपनी तिथे १९३८ साली स्थापन झाली, आणि त्याच टोलिडोत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून शिडाची छोटी होडी बनवली. १९५९ साली ऱ्होड आयलंडच्या पिअरसन या चुलतभावांनी 'ट्रायटन' ही २८ फुटी बोट न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडली, आणि फायबरग्लासची बोट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या पिढीतल्या कित्येक बोटींची कवचं आजही ठणठणीत आहेत.

पण कवच पातळ असतं आणि पातळ पत्रा वाकतो. त्याला ताठ ठेवण्यासाठी आतून, तळाला चिकटून, लांबीच्या दिशेनं तुळया बसवतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. मागच्या ट्रान्सममध्येही दोन-तीन थर प्लायवुड असतं. वर प्लायवुडची जमीन, आणि जमीन व तळ यांच्यामधल्या पोकळीत फोम. अशा बऱ्याच बोटींमध्ये या तुळया लाकडाच्या किंवा प्लायवुडच्या असत आणि त्यांवर काचकापडाचा थर चढवलेला असे. म्हणजे बाहेरून पाहिलं तर सगळं काचेचं, पण भार पेलणारं हाड लाकडाचं.

इथे एक साधा हिशेब सांगतो. तुळईचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतो. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. उलटंही खरं आहे. एकसंध तुळई मधोमध आडवी सुटून दोन भाग झाले, तर प्रत्येक भाग मूळच्या एक अष्टमांश ताठ, आणि दोन्ही मिळून फक्त एक चतुर्थांश. पत्त्यांचा कॅट हातात धरून वाकवा, सहज वाकतो. तेच पत्ते गोंदानं एकमेकांना चिकटवा, मग वाकवून दाखवा. स्ट्रिंगरमधलं लाकूड कुजून भुगा झालं की वरचा काचेचा थर आणि खालचं कवच यांचा एकमेकांशी संबंध सुटतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि बोट मात्र सुट्या पत्त्यांसारखी वाकायला लागते.

मग लाकूड कुजतं कशानं? "पाण्यानं" असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याला तुम्ही एकवीरा आईच्या दर्शनाला गेला असाल. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. आत जाऊन वर पाहा. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. सह्याद्रीतला पाऊस त्यांनी दोन हजार वेळा ऐकला, पण तो त्यांच्या अंगावर आला नाही आणि वारा मात्र सतत लागत राहिला. आता दुसरं टोक बघा. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि १९६१ साली वर काढली. ३३३ वर्षं पाण्याखाली राहून तिचं लाकूड ओळखू येईल असंच नव्हे, तर उभं राहील असं शाबूत निघालं.

कायम कोरडं लाकूड टिकतं. हवा न लागता कायम बुडालेलंही पुष्कळ टिकतं. मरतं ते मधल्या स्थितीतलं. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला तर ती वाढत नाही; २८-३० टक्क्यांच्या वर गेला आणि थोडी ऊब मिळाली की तिची दिवाळी. इंग्रजीत या रोगाला 'ड्राय रॉट' म्हणतात, पण कोरडं लाकूड कधीच कुजत नाही. आपण पाहतो तेव्हा ते सुकलेलं असतं, एवढंच. त्यातही गोडं पाणी वाईट. मीठ बुरशीला मानवत नाही, त्यामुळे समुद्रातल्या बोटीलासुद्धा वरून पडणारा पाऊसच जास्त खातो. आपली तळी गोड्या पाण्याची, वरून पाऊस, त्यावर बर्फ. अडकलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि चिरा रुंद करतं.

कोकणातली जुनी लाकडी होडी पाण्यातच आयुष्य काढायची. पण तिची फळी आतून-बाहेरून उघडी असायची. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात. ती भिजायची आणि वाळायचीही. आमच्या बोटीतल्या लाकडाला भिजायची वाट होती, वाळायची नव्हती. काचेच्या आवरणात पाणी एकदा शिरलं की ते बाहेर पडत नाही.

हेच मी गावच्या घरी पाहिलं होतं. माती-चुन्याच्या भिंतीत तुळयांची टोकं पिढ्यान्‌पिढ्या शाबूत होती. साठच्या दशकात कुणीतरी "पक्कं काम" म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटनं ती आत कोंडली. काही वर्षांत तुळयांची टोकं हातानं कुस्करता येतील अशी झाली. घर झाकलं गेलं, वाचलं नाही.

तर मग तुमच्या बोटीची तपासणी. यासाठी कारागीर लागत नाही. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि ट्रान्सम व स्ट्रिंगर दर दोन इंचांवर ठोकत जा. निरोगी जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी भद्द. नारळ घेताना कान लावतो तसाच कान लावायचा. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला जोर द्या आणि कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. तो हलता कामा नये. शेवटी संशयाच्या जागी आतल्या बाजूनं, तळाच्या जवळ, लहान भोक पाडा. ड्रिलबरोबर फिकट, कोरडा भुसा आला तर उत्तम. भोक एपॉक्सीनं बंद करा. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट, ओलं काही आलं तर बोट पाण्यात नेऊ नका.

काही लोक तुम्हाला सांगतील, भोकं पाडा आणि पातळ एपॉक्सी ओता, आत जाऊन घट्ट होईल. मीही त्या मोहात होतो. पण पाण्यानं भरलेल्या लाकडात एपॉक्सीला शिरायला जागाच नसते, आणि बुरशीनं खाल्लेले तंतू पुन्हा जोडले जात नाहीत. कुजलेलं बाहेर काढावंच लागतं.

आम्ही सप्टेंबरमध्ये सुरुवात केली. पहिलं काम कापण्याचं नाही, टेकू देण्याचं. तुळया काढल्या की कवच लुळं पडतं. ट्रेलरवर ते वाकडं बसलं असेल आणि तुम्ही नव्या तुळया चिकटवल्या, तर तो वाकडेपणा कायमचा झाला. म्हणून पाणसळ लावून बोट चारी बाजूंनी समतल केली, तळाला ठिकठिकाणी आधार दिले, आणि मध्ये दोरी ताणून प्रत्येक फुटावर मापं घेतली. नातीनं ती वहीत उतरवली आणि फोटो काढले. पुढे त्या वहीनं आम्हाला तीन वेळा वाचवलं.

मग जमीन कापली. करवतीची खोली प्लायवुडच्या जाडीएवढीच ठेवायची, नाहीतर तळाला भोक. खालचा फोम ओला गच्च होता. असा फोम कोरडा असताना घनफुटाला साधारण २ पौंड भरतो. पूर्ण पाण्यानं भरला तर ६० पौंडांच्या आसपास. तो आम्ही बादल्यांनी काढला. स्ट्रिंगरचं वरचं काचेचं आवरण चिरलं तेव्हा आत लाकूड नव्हतंच, तपकिरी चौकोनी तुकड्यांचा चिखल होता. तपकिरी बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि मागे असे चौकोन राहतात. नात म्हणाली, "हे तर ओलं केल्यावर मोडणाऱ्या ब्राउनीसारखं दिसतंय." माझ्या शिऱ्याहून तिची उपमा बरी होती.

ग्राइंडर लावण्याआधी एक कळकळीची सूचना. काचेची धूळ खाजकुयलीसारखी असते, फक्त ती फुप्फुसातही जाते. पूर्ण अंगभर सूट, चष्मा आणि चांगल्या फिल्टरचा मास्क. रेझिन वापरताना वाफेसाठीची वेगळी काडतुसं. आंघोळ आधी थंड पाण्यानं.

पाणी शिरलं कुठून हे शोधल्याशिवाय नवीन लाकूड घालायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. उत्तरं तीन सापडली. खुर्च्यांचे स्क्रू जमिनीतून थेट स्ट्रिंगरमध्ये गेले होते आणि त्यांच्याभोवती काही भरलेलं नव्हतं. ट्रान्सममधलं पाणी काढायच्या बुचाचं भोक आतून नागडं लाकूड होतं. आणि तिसरं म्हणजे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहावं म्हणून स्ट्रिंगरच्या तळाशी पाडलेली छिद्रं, तीही उघड्या लाकडाची. म्हणजे पाणी जाण्यासाठी केलेल्या वाटेनंच ते आत आलं होतं. आणि चौथं उत्तर माझं: नवीन प्लायवुड आवळताना मी आणखी चाळीसेक भोकं पाडली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी थंडी वाढली. बहुतेक एपॉक्सींना साधारण ६० अंश फॅरनहाइट तरी ऊब लागते, म्हणून काम एप्रिलपर्यंत थांबवलं. हिवाळ्यात उघडं कवच गॅरेजमध्ये पंख्यासमोर वाळत राहिलं. त्या दिवसांत नातीनं विचारलं, "एवढं होतं तर आत लाकूड घालायचंच कशाला?" प्रश्न बरोबर होता. फोमच्या किंवा पॉलियुरेथेन बोर्डाच्या तुळया करता येतात, आणि काचेचा थर पुरेसा जाड दिला तर आतलं भरताड केवळ साचा राहतो. पण मी तिला 'म्हादई'ची गोष्ट सांगितली.

मांडवी नदीचं वरच्या भागातलं नाव म्हादई. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ५६ फुटांची शिडाची बोट बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत पाण्यात उतरली, तिचं नाव हेच. दांडेकरांनी त्याआधी शिडाची बोट कधी बांधली नव्हती. आराखडा हॉलंडच्या वान दे श्टाट या संस्थेचा. आणि कवच कशाचं? रेड सीडर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यांवर एपॉक्सी आणि काचकापड. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून तिच्यातून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून, कुठेही न थांबता, एकट्यानं प्रदक्षिणा केली. लाखाहून अधिक सागरी मैल त्या बोटीनं कापले.

म्हणजे काचेच्या आतलं लाकूड हा दोष नव्हे. म्हादईतही लाकूडच होतं. फरक एवढाच की तिथे ते कोरडं असताना सर्व बाजूंनी बंद केलं होतं, आणि आमच्याकडे फक्त दिसणारी बाजू.

एप्रिलमध्ये आम्ही मरीन प्लायवुड आणलं. ते जरा समजून घ्या: त्याच्या आतल्या थरांत पोकळ्या नसतात आणि त्याचा डिंक पाण्याला दाद देत नाही, पण लाकूड ते लाकूडच, नुसतं ठेवलं तर तेही कुजतं. एका वेळी एकच स्ट्रिंगर काढला, तो बसवून पक्का झाल्यावर दुसरा, म्हणजे कवचाचा आकार टिकतो. पुठ्ठ्याचा साचा कापून तळाचा उतार जुळवला. दोन थर एपॉक्सीनं जोडून तुळई केली आणि तिला सगळीकडून, विशेषतः कापलेल्या कडांना, एपॉक्सीचे तीन हात दिले.

पहिल्याच दिवशी मी एपॉक्सी मोठ्या कपात कालवून ठेवली आणि बोलत बसलो. कप धुरायला लागला. एपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते. पसरट थाळीत ओतली तर ती उष्णता निघून जाते, कपात कोंडते. नातीनं त्या कपाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

बसवताना लाकूड तळाला थेट टेकवायचं नाही, नाहीतर लाटेचा मार त्या एका रेषेवर येतो आणि कवच तिथेच चिरतं. खाली दाट एपॉक्सीची गादी करून त्यावर तुळई ठेवायची. दोन्ही बाजूंच्या काटकोनात, सुतार लांबी भरतो तशी, तीच दाट एपॉक्सी भरून कोपरा गोल करायचा, कारण काचेचा तंतू तीक्ष्ण वळण घेत नाही. तिथे हवा राहते आणि थर सुटतो. मग काचकापडाच्या पट्ट्या, प्रत्येक आधीपेक्षा रुंद, म्हणजे भार एका कडेवर न येता पायरीपायरीनं तळाला पोचतो. दोन थरांमध्ये एपॉक्सी पूर्ण वाळली असेल तर तिच्यावर मेणचट साय येते. ती पाण्यानं धुऊन, घासून, मगच पुढचा थर. आणि लक्षात ठेवा: जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी छान धरते, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशानं धरत नाही.

पाणी वाहण्याची छिद्रं आम्ही पुन्हा ठेवली, पण या वेळी त्यांत प्लास्टिकच्या नळ्या एपॉक्सीत बसवल्या. प्रत्येक स्क्रूसाठी आधी मोठं भोक, ते एपॉक्सीनं भरायचं, वाळल्यावर त्याच्या मधोमध खरं भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. फोमही नवीन घातला. २० फुटांहून लहान मोटरबोट पाणी भरलं तरी तरंगत राहावी असा इथे बांधणाऱ्यांना फेडरल नियम आहे. तो फोम नुसता काढून टाकणं म्हणजे बोटीचं लाइफ जॅकेट काढणं.

हे परवडतं का? खरं सांगायचं तर नाही. सामानालाच दोन हजार डॉलरच्या वर गेले, आणि बोटीची किंमत तेवढी नाही. तळालाच तडे असतील, इंजिन गेलेलं असेल, किंवा तुमच्या गुडघ्यांना वाकणं झेपत नसेल तर बोट मोडीत काढा. त्यात लाज नाही. लाज कुजलेल्या जमिनीवर कार्पेट टाकून त्यावर नातवंडं बसवण्यात आहे.

जूनच्या अखेरीस बोट पाण्यात गेली. पहिल्या फेरीला आम्ही दोघंच. लाटेवर मुद्दाम नेली. नात खाली वाकून, हात जमिनीवर टेकून बसली होती. "काही नाही," ती म्हणाली, "काहीच हलत नाही." मग घाटावर जाऊन बाकीच्यांना घेतलं.

आता दिवाळी आली, बोटी झाकायचे दिवस आले. झाकण्याआधी तळाचं बूच काढा आणि नाक थोडं वर करा, म्हणजे पाणी मागून निघून जाईल. ताडपत्री घट्ट आवळू नका. दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी जागा सोडा. आणि एखाद्या दुपारी, फराळानंतर, स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे जा आणि ट्रान्सम ठोकून बघा. बरोबर घरातल्या एखाद्या लहान मुलाला घ्या. त्यांचे कान आपल्यापेक्षा चांगले असतात.